वरच्या घरापर्यंत तार

११ ऑक्टोबर १९९८, रविवार

चिगुसाचा ओसाकाहून फोन आला. मीच उचलला. "बाबा, कसे आहात?" म्हणाली. मी म्हटलं, "बरा आहे. आईला देतो." फोनवर माझी मजल एवढीच. पस्तीस वर्षं वर्गात गणितावर बडबडलो, त्यामुळे तोंडाला आता विश्रांती हवी असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

हात्सुए मात्र बराच वेळ बोलत होती. रिसीव्हर ठेवून आली आणि अर्धा भात तसाच झाकून ठेवला. चिगुसाला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाळ होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे या खोऱ्यात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. गावच्या इस्पितळात हात्सुएने नावसुद्धा घालून ठेवलंय, गाद्यांना दोनदा ऊन दाखवून झालंय. आणि आज ही पोरगी म्हणते, बघू! कंपनीचं भाषांतराचं काम ई-मेलने येतं, तुमच्या डोंगरात ई-मेल कुठून येणार?

मी जाहीर केलं, "इंटरनेट नाही म्हणून अडलंय ना? मग इंटरनेट आणू."

"अहो, त्यापेक्षा तिला एकदा विचारा ना, येतेस का म्हणून."

"त्यात विचारायचं काय? अडचण कळली. अडचण सोडवायची."

हात्सुएने झाकलेला भात उचलून आत नेला. तिला गणिताची पद्धत कधीच पटलेली नाही.

डॉक्टरांनी पाच डिसेंबरनंतर प्रवास नको म्हणून बजावलंय. म्हणजे वेळ भरपूर आहे.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

शहरात जाऊन लिनक्स या संगणकप्रणालीचं पुस्तक आणलं. विटेएवढं जाड, पाठीमागे तबकडी चिकटवलेली. दुकानातल्या मुलीने विचारलं, "नातवासाठी का?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं तसं.

हात्सुएचं म्हणणं, जावयाला विचारा. तेप्पेई संगणकाच्याच कंपनीत आहे. जावयाला विचारू? या खोऱ्यातली निम्मी माणसं माझ्या हाताखाली नापास झालेली आहेत. त्यांना कळलं तर मला सोबाच्या शेवया खायलासुद्धा खाली उतरता येणार नाही.

घरच्या संगणकाला मोडेम जोडला. त्याने मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तशी किंकाळी फोडली, शहराचा नंबर लावला, पलीकडच्याशी ओळख काढली आणि मान टाकली. दिवसभर हेच. आमचं घर वाडीतलं सगळ्यात वरचं. टेलिफोनची तार जुनी, देवदारांच्या फांद्यांना घासत येते. माणसाचं बोलणं खरखरत का होईना पोचतं, मोडेमचं पोचत नाही. टेलिफोन कंपनीला फोन केला. तिथला माणूस अदबीने म्हणाला, "बर्फ वितळलं की वसंतात नक्की बदलू."

बाळाला कोण सांगणार, वसंतापर्यंत थांब म्हणून?

२१ ऑक्टोबर, बुधवार

तोडगा सापडला. खाली रस्त्यालगत कुमेताचं सोबाचं दुकान आहे. त्याची टेलिफोनची तार नवी कोरी. शिवाय त्याच्याकडे फॅक्सची वेगळी लाइन. मोडेम तिथे ठेवायचा, शहराला फोन तिथून लावायचा आणि तिथून आमच्या घरापर्यंत संगणकाची तार ओढायची. एका तारेला दोनशे मीटरच्या आतली मर्यादा, त्यामुळे मध्ये एक यंत्र लागणार. मध्ये घर कुणाचं? तोमे आजींचं.

म्हणजे यंत्रं तीन: आमच्या घरी एक, तोमे आजींकडे मधलं, कुमेताकडे शेवटचं. प्रत्येकाला सांगून ठेवायचं की आलेला निरोप पुढे कुणाकडे द्यायचा. यालाच रूटिंग म्हणतात. पुस्तकात यावर शंभर पानं खर्च केलीत. मला तर पहिल्या दहा पानांतच कळलं.

कुमेता एकेकाळी माझ्या वर्गात होता. त्याच्याकडे गेलो तर हात पुसत बाहेर आला.

"सर, तुम्ही मला दोनदा नापास केलंत."

"तीनदा."

"आणि आता माझी लाइन हवीय?"

"चिगुसाच्या बाळंतपणासाठी."

त्याने पुन्हा हात पुसले. मग म्हणाला, "दोननंतर दुकान बंद असतं, तेव्हा लाइन तुमची. पण त्याआधी हात लावायचा नाही. ऑर्डरी फॅक्सवर येतात." आणि मला बळेच गरम सोबा खाऊ घातला. शाळेत इतका समजूतदार असता तर एकदाच नापास केला असता.

२५ ऑक्टोबर, रविवार

तोमे आजी ऐंशीच्या पुढच्या. मला त्यांनी उघडा-नागडा पळताना पाहिलंय आणि ते त्या विसरत नाहीत.

"काय रे मास्तर, माझ्या घरातून तार कशाला?"

समजावलं.

"म्हणजे तुझ्या घरचा निरोप माझ्या घरातून जाणार. आणि मी वाचायचा नाही?"

"तो वाचता येत नाही, आजी. यंत्रच पुढे ढकलतं."

"मग माझा काय फायदा?"

अटी ठरल्या. तार देवघरासमोरून जाता कामा नये, नवऱ्याच्या तसबिरीला दिसता कामा नये. यंत्र लोणच्याच्या पिंपांशेजारी बसणार. आणि यंत्राला पडदा आहे, तर त्यावर आजींना काहीतरी दिसलं पाहिजे. मी वाट्टेल ते कबूल केलं.

तेप्पेईने कंपनीतून बाद झालेले दोन संगणक परस्पर धाडून दिले. मी मागितले नव्हते. हात्सुए म्हणाली, "नको असतील त्याला, दिले असतील." असेल बुवा.

३ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टीचा दिवस. तार ओढून आठवडा झाला, यंत्रं एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. मी पुस्तकातल्या सगळ्या आज्ञा देऊन पाहिल्या, मग माझ्याही काही दिल्या. त्या पुस्तकात नव्हत्या आणि हात्सुएसमोर द्यायला नको होत्या.

दुपारी हात्सुए फोनवर बोलत होती, चिगुसाशीच असणार. नंतर चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, "अहो, मला काय कळतंय, पण तारेच्या टोकांना बूच नको का? नळ आपण उघडा सोडतो का?"

मी हसलो. मग पुस्तक उघडलं. तारेच्या दोन्ही टोकांना बूच लागतं. शंभर पानांतलं नेमकं हेच पान मी ओलांडलं होतं.

बायकांना काही गोष्टी उपजतच कळतात. परवासुद्धा तिने असंच सुचवलं होतं, मधल्या यंत्रातली दोन्ही कार्डं एकमेकांशी भांडत नाहीत ना, बघा. भांडत होती.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा सगळं बंद. सकाळपासून यंत्रं उघडली, मिटली, एकाचा पंखासुद्धा धुतला. शेवटी तारेच्या कडेकडेने चालत खाली गेलो.

तोमे आजींनी माझ्या तारेवर झाडाची पिकली फळं, पर्सिमन, वाळत घातले होते. सोलून, दोरीला बांधून, ओळीने. भाराने तार खाली आलेली आणि यंत्रातून निखळलेली.

"आजी!"

"उन्हाची आयती दोरी मिळाली. तूच बांधलीस ना?"

"ही निरोपांची तार आहे!"

"मग काय झालं? निरोप आतून जातात ना? मी बाहेरून लावलेत."

यावर उत्तर पुस्तकात नाही. मी वेगळी दोरी बांधून दिली, सगळे पर्सिमन एकेक करून तिच्यावर हलवले आणि वर आजींची बोलणी खाल्ली, की गाठी सैल मारतोस म्हणून.

९ नोव्हेंबर, सोमवार

लागलं! कुमेताच्या दुकानातला मोडेम किंचाळला, शहराशी जुळला आणि टिकला. मी धावत वर तोमे आजींकडे. त्यांच्या पडद्यावर पान उघडलं. काय दाखवू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सुमो." कालपासून क्युशूची स्पर्धा सुरू झालीय. निकाल दिसले. आजी हरखून गेल्या, आवडता पैलवान जिंकला होता. मला एक लोणच्याचा मुळा बक्षीस मिळाला.

तिथून धावत घरी. चिगुसाच्या खोलीत यंत्र मांडलंय, शेजारी हात्सुएने शिवलेली उशी. हात्सुएला हाताला धरून बसवलं आणि कळ दाबली.

काही नाही. पांढरा पडदा.

तासभर पांढराच.

"होईल," हात्सुए म्हणाली आणि भात लावायला गेली.

म्हणजे इंटरनेट तोमे आजींपर्यंत पोचलंय. ज्यांना नको होतं त्यांच्याकडे आहे. ज्याने सगळ्या डोंगरभर तार ओढली, तो पांढऱ्या पडद्यापुढे मुळा खातोय.

१४ नोव्हेंबर, शनिवार

पाच दिवस झाले. मी सगळं बरोबर केलंय. घरच्या यंत्राला सांगितलंय: जे काही असेल ते तोमे आजींकडे द्या. त्यांच्या यंत्राला सांगितलंय: कुमेताकडे द्या. कुमेताच्या यंत्राला: शहराकडे द्या. वाडीची सूचनांची पाटी याच पद्धतीने फिरते. वाचायची, शिक्का मारायचा, खालच्या घरी पोचवायची. आमचं घर पहिलं, कुमेताचं शेवटचं, त्याच्याकडून ती नगरपालिकेच्या गाडीत पडते. माझ्या आजोबांच्या वेळेपासून एकदाही चुकलेली नाही. पाटी उलटी वर चढून आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. मी रूटिंग तंतोतंत तसंच लिहिलंय, आणि हा चांगला विचार आपल्याला सुचला म्हणून गेला आठवडा मनातून फुशारतोय.

आणि तरी पडदा पांढरा. तोमे आजी खिडकीतून ओरडून मला रोज सुमोचे निकाल सांगतात.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

इतिहासात नोंद व्हावी असा दिवस.

दुपारी दुकान बंद झाल्यावर कुमेताकडून मी चिगुसाला चौथं ई-मेल धाडलं होतं. त्यात तारेची लांबी, यंत्रांची रचना, आणि तिच्या खोलीतल्या टेबलाची उंची वाढवल्याचं कळवलं. हे मी रात्री जेवताना हात्सुएला सांगितलं. उत्तर एकाचंही आलेलं नाही, हेही.

हात्सुएने चॉपस्टिक खाली ठेवल्या. एवढी चिडलेली मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिली नाही.

"तुम्ही नुसतं पाठवता. इकडून तिकडे, इकडून तिकडे. पण तिचं काही तुमच्यापर्यंत यायला वाट ठेवलीय का कुठे? त्या पोरीने परत बोलायचं तर कुठून बोलायचं?"

मी ताडकन उठलो.

परतीची वाट! निरोप कुमेताकडून शहरात जातोय, शहरातून उत्तर कुमेताच्या यंत्राकडे येतंय, पण त्या यंत्राला तोमे आजींच्या वर कुणी राहतं हेच ठाऊक नाही! मीच सांगितलेलं नाही! पाटी वर चढत नाही म्हणून मी वर चढायचा रस्ता लिहिलाच नाही! तोमे आजींना सुमो दिसतो कारण त्या शेजारच्याच. आमचं उत्तर मात्र दाराशी येऊन पत्ता नाही म्हणून फेकलं जातंय.

मी सपाता घालूनच खाली पळालो. कुमेताच्या यंत्रात एक ओळ लिहिली: वरच्या घरचं जे काही येईल ते तोमे आजींकडे द्या. एकच ओळ. धापा टाकत वर आलो, कळ दाबली, आणि चिगुसाच्या खोलीत इंटरनेट उघडलं.

हात्सुएला ओरडून सांगितलं, "तू धन्य आहेस! रूटिंगचं एक पान न वाचता नेमकं दुखणं ओळखलंस!"

ती तशीच जेवणापाशी बसली होती. माझ्याकडे बघत राहिली, मग कपाळाला हात लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. आनंदाने, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

चिगुसाला पाचवं ई-मेल. "जोडणी पूर्ण. वेग समाधानकारक." उत्तर नाही.

तपासणी म्हणून घरच्या यंत्राला सांगून ठेवलं, दर पाच मिनिटांनी नवीन काही आलंय का बघ. निव्वळ तांत्रिक चाचणी आहे. हात्सुए म्हणाली, "तुम्ही जेवण सोडून दर पाच मिनिटांनी उठताय, तीही चाचणीच का?"

२३ नोव्हेंबर, सोमवार

आज मी माणसातून उठलो.

खालच्या गावी देवळात कुणाचं तरी वर्षश्राद्ध होतं. आलेल्या सगळ्यांना सोबा कुमेताकडून जायचा होता. यजमान सकाळपासून फॅक्स करत होते, आणि लाइन सारखी व्यस्त. कारण दोन वाजेपर्यंत हात लावायचा नाही, हे कुमेताने मला सांगितलं होतं, मी माझ्या यंत्राला सांगितलं नव्हतं. ते बापडं दर पाच मिनिटांनी चिगुसाचं काही आलंय का म्हणून शहराला फोन लावत होतं. शेवटी यजमानांनी पलीकडच्या खोऱ्यातून जेवण मागवलं.

कुमेता स्वतः वर चढून आला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सर, एवढं काय यायचं होतं?"

तांत्रिक चाचणी हा शब्द ओठावर आला आणि तिथेच थांबला. मी खाली वाकून माफी मागितली. इतकं वाकलो की चष्मा पडला.

त्याने चष्मा उचलून दिला. म्हणाला, "चिगुसाचं ना?"

मी मान हलवली.

"मग दोननंतर पुन्हा लावा. आणि आलं काही तर आधी मला सांगायचं." जाताना वळून म्हणाला, "पण आज मला तुम्हाला नापास करू द्या."

मी म्हटलं, कर बाबा.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

हात्सुएने सांगितलं, चिगुसाची बाळंतपणाची रजा आजपासून लागली. कंपनीचं काम आता नाही.

मी म्हटलं, "उत्तमच झालं. आता तिला इंटरनेट वापरायला वेळ मिळेल."

हात्सुए उठून बाहेर मुळे धुवायला गेली. थंड पाण्यात बराच वेळ मुळे धूत होती.

येते का, ते अजून कळलं नाही. इस्पितळवाले दोनदा विचारून गेले. आठ दिवस राहिलेत. रात्री दोनदा उठून चिगुसाच्या खोलीत जाऊन आलो, पण त्याला कारण दमट हवा असणार.

२ डिसेंबर, बुधवार

काल दुपारपासून ओलं, जड बर्फ. पहाटे देवदाराचा एक अख्खा शेंडा कडाडून मोडला आणि टेलिफोनची तार घेऊन खाली आला. त्याच्याखाली माझी संगणकाची तार. तोमे आजींचं पर्सिमनचं झाड फाटलं, त्यांचं छत गळून मधलं यंत्र न्हाऊन निघालं. आजी सुखरूप आहेत, पण सुमोच्या स्पर्धेचं काय झालं ते त्यांना माझ्याच यंत्रातून कळलं होतं, त्यामुळे यंत्रासाठी हळहळतायत.

कुमेताच्या दुकानापर्यंत सगळ्यांचे फोन बंद. इंटरनेट बंद. मी बर्फात उभा राहून तुटलेलं टोक हातात धरून म्हटलं, "आता ती कशी येणार? इंटरनेटच नाही."

हात्सुए फावडं टाकून माझ्यासमोर आली.

"इंटरनेट! अहो, तिला कसलं आलंय इंटरनेट! रजेवर आहे ती! मोजलं नाहीत तुम्ही, गणिताचे मास्तर? मी रोज सांगते तिला, ये. ती म्हणते, ते घर बाबांचंही आहे. दिवस गेल्याचं तिने तुम्हाला सांगितलं, तेव्हा काय म्हणालात? 'बरं. आईला देतो.' पोरगी रडली हो त्या रात्री. तेप्पेई सांगत होता. तोच तर मला सगळं सांगतो, तुमचं ते बूचसुद्धा. तिला एवढंच ऐकायचंय की तुम्हाला ती हवी आहे!"

बर्फ पडत होतं. माझ्या हातात ती तार तशीच.

म्हणजे बूचसुद्धा तेप्पेईचं. आणि त्या दिवशीचं, परतीच्या वाटेचं? विचारायचा धीर झाला नाही. आत्ता लिहिताना कळतंय, ते तेप्पेईचं नव्हतं. ते रूटिंगबद्दल नव्हतंच.

मी सपाता घालून पळालो होतो. तिला तिथे जेवणापाशी तशीच सोडून.

मला फोन करायचा होता, तर फोन नाही. लिहायचं म्हटलं तर पोचेपर्यंत पाच तारीख उलटणार. उद्या पहिल्या बसने निघतो.

३ डिसेंबर, गुरुवार, ओसाकाच्या गाडीत

बस आलीच नाही. कुमेताने सोबाच्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. रस्ता नगरपालिकेने मोकळा केलाय, टेलिफोनवाले दोन दिवसांत तार लावतो म्हणालेत. त्यातल्या त्यात बरं. कुमेता म्हणाला, "चिगुसा आली तर नववर्षापर्यंत माझी गाडी तुमच्या दाराशी उभी राहील. इस्पितळाला वेळ नको जायला." या माणसाला मी तीनदा नापास केलं.

वाक्य तयार करतोय. "तुझ्या येण्याने आम्हाला संतोष होईल." हे शाळेच्या वार्षिक अहवालासारखं वाटतंय. "आई वाट बघतेय." हे खरं आहे, पण यात मी पुन्हा आईच्या पाठीमागे लपतोय. ओसाका जवळ आलं. वाक्य नाही.

३ डिसेंबर, चिगुसाच्या घरी

दार तिने उघडलं. पोट पुढे, हातात पळी. मला बघून चेहराच उतरला.

"बाबा? आईला काय झालं? दोन दिवस फोन लागत नाहीये!"

"आई ठणठणीत आहे. झाड पडलं. तारा तुटल्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. तुझ्या खोलीत इंटरनेट लागलं होतं, चांगलं चाललं होतं, तेही गेलं. मधलं यंत्र भिजलं. आता वसंतापर्यंत काही नाही."

तिने पळी खाली केली. "हे सांगायला तुम्ही एवढ्या लांब आलात?"

"हो," मी म्हटलं. मग म्हटलं, "नाही."

दारात चपला काढायची जागा असते तेवढ्यात मी उभा. टोपीवरचं पाणी जमिनीवर टपकत होतं. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"चिगुसा, तू घरी ये. इंटरनेट नाही तिथे. थंडी आहे, तोमे आजी बडबड करतात. पण तू ये. आई तर वाट बघतेच, ते तुला माहीत आहे. मी पण बघतोय. ऑक्टोबरपासून रोज बघतोय. मला तू घरी हवी आहेस."

तिने पळी धरलेल्या हातानेच डोळे पुसले. माझं काही चुकलं की काय, या भीतीने मी घाईने म्हटलं, "टेबलाची उंचीपण वाढवलीय."

"माहितीय मला," ती रडता रडता म्हणाली. "दोन सेंटीमीटर. पाचही मेल पाठ आहेत मला, बाबा."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"त्यात प्रश्न कुठे होता?"

मी डोकं खाजवलं. खरंच नव्हता. एकाही पत्राच्या शेवटी मी प्रश्नचिन्ह काढलेलं नव्हतं.

५ डिसेंबर, शनिवार, परतीच्या गाडीत

निघण्याआधी घरी फोन लागला. टेलिफोनवाल्यांनी तुटकी तार जोडायची सोडून खालपासून आमच्या घरापर्यंत सगळी नवीच टाकली. हात्सुएचा आवाज शेजारी बसल्यासारखा स्वच्छ. तेप्पेई ऐकत होता, अदबीने म्हणाला, "बाबा, मग आता मोडेम थेट घरूनच लागेल. मधल्या दोन यंत्रांची गरज नाही."

म्हणजे दोन महिन्यांची तार, पर्सिमन, बूच, कुमेताचं नुकसान, परतीचा रस्ता, सगळं पाण्यात. एक झाड वेळेवर पडलं असतं तर काहीच करावं लागलं नसतं. मी तेप्पेईला म्हटलं, "हे मला आधी का नाही सांगितलंस?" तो बिचारा बघतच राहिला. झाड पडणार हे त्याला तरी कुठून माहीत? मग मीच हसलो आणि त्याला म्हटलं, नववर्षाला ये, मला ते शंभर पानांचं प्रकरण नीट समजावून सांग, मला त्यातलं काही कळलेलं नाही.

चिगुसा खिडकीशी बसलीय. मघाशी माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून कुणीतरी ठोसा मारला. मी दचकून हात काढला, तर म्हणाली, "ठेवा हो, पुन्हा मारेल." ठेवला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा मारला.

आता ती झोपलीय, डोकं माझ्या उजव्या खांद्यावर. वही मांडीवर ठेवून डाव्या हाताने लिहितोय, त्यामुळे हे अक्षर मलाही नीट वाचता येत नाहीये. खांद्याला मुंग्या आल्यात. अजून दोन तास आहेत, हलणार नाही.